मुलगा रात्री धड झोपत नाही, शाळेतून रोज तक्रार येतेय, काय करू?

वाघबीळची आई

नमस्कार सगळ्यांना. खूप दिवस लिहू की नको असं चाललेलं, आज डायरीत परत लाल पेनाने रिमार्क आला म्हणून लिहितेच. मोठं होईल जरा, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

मुलगा सात वर्षांचा, दुसरीत आहे. इथे त्याला चिकू म्हणते. आम्ही घोडबंदर रोडला वाघबीळजवळ राहतो, बेडरूमची खिडकी रस्त्याच्याच बाजूला, त्यात मेट्रो ४ चं काम आणि रात्रीचे ट्रेलर, त्यामुळे आवाज असतोच, पण तेवढंच कारण असेल असं मला आता वाटत नाही. साडेनऊला त्याला आडवं करते. मग पाणी हवं, शू आली, गोष्ट सांग, पाय दाब, असं करत करत सव्वाअकरा होतात. मधेच पावणेदहाला बाबा येतो महापेहून, तो दिवसभर त्याला भेटलेला नसतो, मग दोघांची मस्ती, उड्या, झोप गेलीच. रात्री एक-दीडला उठून माझ्या अंगावर येऊन पडतो. सकाळी बघावं तर डोकं पायथ्याशी आणि चादर खाली. कधीकधी झोपायला लागल्यावर तासा-दीड तासाने किंचाळून उठून बसतो, डोळे टक्क उघडे पण मला ओळखत नाही, सकाळी विचारलं तर काही आठवत नाही.

शाळेची बस सहा पंचवीसला. म्हणजे पावणेसहाला उठवावंच लागतं, रोज रडारड, ब्रश तोंडात धरून बेसिनला टेकून उभ्या उभ्या झोपतो अक्षरशः. रविवारी मात्र साडेनऊ-दहापर्यंत उठत नाही.

आता शाळेचं. पहिलीपर्यंत "बोलका आहे, चंचल आहे" एवढंच होतं. यावर्षी जूनपासून लाईनमध्ये ढकलतो, बाकाखाली जाऊन बसतो, लिहायला सांगितलं की वही फाडली, गेल्या आठवड्यात एका मुलाला पाण्याची बाटली फेकून मारली, त्याच्या कपाळाला टेंगूळ आलं. त्या मुलाच्या आईला मी फोन करून माफी मागितली, त्या समजूतदार होत्या पण मला बोलताना रडू आवरेना. शाळेच्या काउन्सेलर म्हणाल्या एडीएचडी (म्हणजे लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) असू शकतो, कुठेतरी दाखवून घ्या, आणि हे त्यांनी कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या सांगितलं, चिकू बाजूलाच होता. रिक्षात मला विचारतो, "आई मला काय झालंय?"

सासूबाई म्हणतात दृष्ट लागलीये. नवरा म्हणतो मी पण असाच होतो, होईल ठीक. आणि परवा मी त्याला मारलं. खूप जोरात. तो रडून झोपला आणि झोपेतही हुंदके देत होता, ते डोळ्यासमोरून जात नाहीये.

मला एवढंच विचारायचंय की हे झोपेचं आणि शाळेचं एकच आहे की वेगळं वेगळं, आणि सुरुवात कुठून करायची, बालरोगतज्ज्ञ की मानसोपचारतज्ज्ञ की अजून कोणी? कुणाच्या घरी असं झालं असेल तर प्लीज सांगा.

---

खारघर सेक्टर १२

अगं आधी रडू नकोस. एक सांग, चिकू घोरतो का? तोंड उघडं ठेवून झोपतो का? सकाळी उशी लाळेने ओली असते का? मान मागे टाकून झोपतो का?

विचारतेय कारण माझ्या लेकीचं डिट्टो हेच होतं. ती तेव्हा सहाची. आम्ही दीड वर्ष तिला हट्टी, आगाऊ, लाडावलेली असं सगळं ठरवून मोकळे झालो होतो. घोरायची, पण आमच्याकडे सगळे घोरतात, त्यामुळे कुणाला त्यात काही वाटलंच नाही, उलट पाहुणे आले की "बघा कशी आजोबांसारखी घोरते" असं कौतुक चालायचं. सर्दीसाठी म्हणून डॉक्टरांकडे नेली तर त्यांनी तिचा चेहरा बघूनच विचारलं, ही कायम तोंडानेच श्वास घेते का? मग कान-नाक-घसावाल्यांकडे पाठवलं, मानेचा बाजूने एक्स-रे काढला, ॲडेनॉइड वाढलेले निघाले. नाकाच्या मागे, पडजिभेच्या वरच्या बाजूला ती मांसल गादी असते, आरशात तोंड उघडून दिसत नाही म्हणून आपल्याला कळतही नाही. साधारण तीन ते सात या वयात ती मोठी असते, पुढे आपोआप आक्रसत जाते म्हणे. पण मोठी असताना नाकाची वाट अडवते, मग रात्रभर ते पोर श्वासासाठी झगडत असतं. झोपलेलं दिसतं पण झोप होत नाही.

आम्हाला आधी नाकात मारायचा स्प्रे दिला होता, दोन महिने केला, थोडा फरक पडला, पण तिचे टॉन्सिलही मोठे होते आणि रात्री श्वास अडकायचा, मग शेवटी ऑपरेशन केलं. सगळ्यांना लागत नाही हं, घाबरू नकोस. ऑपरेशननंतर दहाबारा दिवसांनी एका रात्री मला एकदम जाग आली, खोलीत आवाजच नव्हता, मी घाबरून तिच्या नाकापुढे बोट धरून बघितलं. शांत झोपली होती. मी तिथेच जमिनीवर बसून राहिले कितीतरी वेळ.

तू आज रात्री बघ आणि मोबाईलवर व्हिडिओ काढ. टीशर्ट वर करून छाती दिसेल असा काढ, दोनतीन मिनिटं.

---

वाघबीळची आई

लाळेने उशी ओली असते हो. रोज. मी अभ्रा बदलते आणि विसरून जाते. घोरणं म्हणशील तर सर्दी असली की घोरतो असं मला वाटत होतं, पण त्याला सर्दी नाही असा महिना आठवत नाहीये. आज बघते.

---

वाघबीळची आई

रात्रीचे दोन वाजलेत, आत्ताच बघून आले. झोपूच शकत नाहीये म्हणून लिहिते. मी कधी असं बसून बघितलंच नव्हतं त्याला, तो झोपला की मी भांडी, डबा, मग स्वतः कोसळते. मान अशी मागे टाकलेली की गळ्याचा मणी वर आलेला, तोंड उघडं, कपाळावर घाम, पंखा फुल असताना. घोरणं चालू होतं मग एकदम थांबलं. मी मोजलं, सात-आठ आकडे. छाती हलतेय पण आवाज नाही, हवा आत जात नाहीये असं. मग एक मोठा हिसका दिला, कूस बदलली, गुडघे पोटाशी घेतले आणि परत सुरू. वीस मिनिटांत हे चार वेळा झालं. व्हिडिओत दोनदा आलंय. नवऱ्याला उठवून दाखवलं, तो काही बोलला नाही, मुलाच्या पाठीवर हात ठेवून बसलाय.

---

बाई_पाचपाखाडी

मी प्राथमिकला शिकवते, एकोणीस वर्षं झाली. वरचं सगळं वाचलं. डॉक्टरांचं तुमचं सुरू होईलच, मी फक्त शाळेच्या बाजूने सांगते कारण तिथे रोजचे पाच-सहा तास त्या मुलाला काढायचेत आणि उपचार लागू पडेपर्यंत तो वर्गात एकटा आहे.

झोप न झालेला मोठा माणूस पेंगतो, जांभया देतो. लहान मूल तसं करतंच असं नाही. ते चेकाळतं. जितकं दमलेलं तितकं जास्त उड्या मारणारं, चिडणारं, हात उगारणारं. वर्गात पन्नास मुलं असताना आम्हाला ते मूल "त्रास देणारं" दिसतं, दमलेलं दिसत नाही, ही आमचीही चूक होते आणि मी माझ्या सुरुवातीच्या वर्षांत ती केलेली आहे. एका मुलाला मी वर्षभर शेवटच्या बाकावर बसवलं होतं. नंतर कळलं घरी एका खोलीत आठ माणसं आणि वडील रात्रपाळीचे, हा झोपायचाच मुळी एकनंतर. आता त्याची आठवण आली की पोटात कालवतं.

तर तुम्ही असं करा, वर्गशिक्षिकेला वेळ मागून भेटा, शाळा सुटतानाच्या गर्दीत नको. तक्रार घेऊन जाऊ नका, व्हिडिओ घेऊन जा. दाखवा त्यांना. मी सांगते, शिक्षिकाही माणूसच असते, ते बघितल्यावर तिची नजर बदलेल. मग त्यांना विचारा की हे सगळं नेमकं कधी होतं? कुठल्या तासाला, मधल्या सुट्टीच्या आधी की नंतर, लिहायचं काम आलं की, की ओळीत उभं राहायचं असलं की? दोन आठवडे दोघींनी नोंद ठेवा, तुम्ही घरी तो किती वाजता झोपला, किती वेळा उठला, त्यांनी वर्गात काय झालं. एका साध्या वहीत. माझा अनुभव आहे की पंधरा दिवसांत चित्र दिसायला लागतं आणि पुढे डॉक्टरांना ही वही सोन्यासारखी उपयोगी पडते.

मागण्या छोट्या ठेवा. पुढे बसवा, वह्या वाटायचं काम द्या म्हणजे उठायला मिळेल, फळ्यावरचं एकदम पान भरून न लिहवता अर्धं अर्धं करून घ्या. आणि मधली सुट्टी शिक्षा म्हणून कापू नका असं स्पष्ट सांगा. धावायला न मिळालेलं मूल पुढच्या तासाला दुप्पट सुटतं. घरी एक पाळा, शाळेत झालेल्या गोष्टीचा हिशोब शाळेत संपला. रिमार्क वाचून परत घरी ओरडा बसला तर त्याला एकाच गुन्ह्याची दोनदा शिक्षा होते.

बसबद्दल. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने शासन निर्णय काढला, पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवा म्हणून, २०२४-२५ पासून. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचाच मुद्दा मांडला होता. तरी तुमच्या शाळेत दुसरीचा वर्ग इतक्या सकाळी कसा हे पालक-शिक्षक सभेत नक्की विचारा. एकटीने विचारू नका, चारपाच पालक मिळून विचारा.

आणि काउन्सेलरनी मुलासमोर असं बोलायला नको होतं. त्याने रिक्षात जे विचारलं त्याचं उत्तर त्याला द्या हं, विसरू नका. "तुला काही झालेलं नाही, तुझी झोप पुरी होत नाहीये, ती आपण दुरुस्त करतोय" एवढं त्याला कळतं.

---

ऐरोलीचा बाबा

ताई, बाबांच्या बाजूने लिहितो कारण तुमच्या मिस्टरांच्या जागी मीच होतो. मी रात्री दहाला घरी यायचो आणि मुलगी जागी असली की दिवसाचा थकवा जायचा माझा, म्हणून ती जागी राहावी असंच मला मनातून वाटायचं, हे मी स्वतःशी कबूल करायला वर्ष घेतलं. मग बायको एकदा म्हणाली तुझ्या आनंदासाठी ती सकाळी रडत उठते. ते लागलं. आता मी तिला सकाळी देतो वेळ. बस स्टॉपपर्यंत मी सोडतो, पंधरा मिनिटं चालत, रोज एक कोडं घालायचं असं ठरलंय आमचं. रात्री उशीर झाला तर खालीच थांबतो, ती झोपल्याचा मेसेज आला की वर जातो. सुरुवातीला फार जड गेलं.

झोपवायचं म्हणाल तर आम्ही उलटं केलं. साडेनऊला आडवं करून दीड तास झगडण्यापेक्षा, ती जेव्हा खरंच झोपते त्या वेळेलाच न्यायचं, आमचे अकरा होते, पहिले चारपाच दिवस अकरालाच नेलं, दहा मिनिटांत झोपली. मग दर तीनचार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे. महिन्याभरात साडेनऊवर आलो. काउन्सेलरने सांगितलेलं, अंथरुण म्हणजे भांडण असं तिच्या डोक्यात बसलं होतं ते आधी पुसायचं. उठायची वेळ मात्र पक्की, रविवारी जास्तीत जास्त तासभर उशीर, दहापर्यंत झोपू दिलं की सोमवारची वाट लागते.

पाणी-शू-गोष्ट यासाठी दोन पुठ्ठ्याची तिकिटं केली. रात्री दोनदाच बाहेर यायचं, प्रत्येक वेळी एक तिकीट द्यायचं, उरलं तर सकाळी त्याचं काहीतरी छोटं मिळतं, आमच्याकडे स्टिकर. पहिल्या रात्री दोन्ही पाच मिनिटांत संपवली. नंतर ती वाचवायलाच लागली, उशीखाली ठेवून झोपायची.

मोबाईल-टीव्ही तासभर आधी बंद हे सगळे सांगतात, पण घरात आजीची मालिका चालू असेल तर पोर कसं झोपणार? आम्ही आईशी बसून बोललो, ती आता जेवणाआधी बघते. मोठी ट्यूब बंद करून एक पिवळा झिरोचा दिवा. तुमची खिडकी रस्त्याला आहे तर जाड पडदा लावा आणि शक्य असेल तर त्याची गादी आतल्या बाजूच्या भिंतीला घ्या. लाऊडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद असा २००० सालचा नियम आहे, त्यासाठी पोलिसांना फोन करता येतो, पण ट्रेलरचं काय करणार.

पण हे सगळं श्वासाचं बघितल्यावर. ते आधी.

---

सीवूड्स_मम्मा

माझ्या मैत्रिणीने ऑनलाइन मेलाटोनिनच्या गमीज मागवल्या होत्या, मुलगा अर्ध्या तासात झोपायचा. तोपर्यंत ते देऊन बघा ना? नाहीतर सर्दीचं औषध दिलं तरी झोपतात मुलं.

---

नेरुळ_बालरोग

मी बालरोगतज्ज्ञ आहे. इथे बघून निदान करता येत नाही, पण काही गोष्टी सांगायलाच हव्यात.

सीवूड्स ताई, तुमचा हेतू चांगला आहे, पण कृपया कुणीही असं देऊ नका. मेलाटोनिन हे मेंदूत तयार होणारं हार्मोन आहे, काही मुलांना आम्ही देतोही, पण तपासून, डोस ठरवून. गुंगी आणणारं सर्दीचं औषध तर मुळीच नको, विशेषतः ज्या मुलाचा श्वास झोपेत अडतोय त्याला. श्वास अडला की तो जागा होऊनच परत श्वास घेतो, आणि आपण ते जागं होणंच दाबायचं, हे धोक्याचं आहे.

चिकूच्या आई, तुम्ही जे वर्णन केलंय, छाती हलतेय पण हवा जात नाही आणि मग हिसका, त्याला आम्ही झोपेत श्वास अडणं म्हणतो. आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री घोरणारं मूल तपासायलाच हवं, सर्दी असो नसो. तुम्ही विचारलंत कुठून सुरुवात, तर आधी तुमचे नेहमीचे बालरोगतज्ज्ञ, त्यांच्याकडून कान-नाक-घसा. गरज पडली तर रात्रभर हॉस्पिटलात झोपवून तारा लावून झोपेची तपासणी करतात, प्रत्येकाला लागत नाही. ऑपरेशनबद्दल लोक दोन्ही टोकाला जातात म्हणून सांगतो. २०१३ साली अमेरिकेत ५ ते ९ वयाच्या ४६४ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, सात महिन्यांनी बघितलं तेव्हा टॉन्सिल-ॲडेनॉइड काढलेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी नॉर्मल आली, आणि नुसती वाट बघितलेल्यांपैकीही ४६ टक्क्यांची आली. वागणं, चिडचिड, दिवसाची मरगळ यात ऑपरेशनवाल्या गटाला स्पष्ट जास्त फायदा झाला, पण लक्ष देण्याच्या चाचणीत दोन्ही गटांत खास फरक नव्हता. म्हणजे श्वास मोकळा झाला की सगळं जादूसारखं सुटेल अशी अपेक्षा ठेवू नका, आणि चिकूला ऑपरेशन लागेलच असंही धरून चालू नका.

एडीएचडीचं. झोप बिघडलेल्या मुलात हुबेहूब तशी लक्षणं दिसतात, आणि एडीएचडी असलेल्या मुलांची झोपही बरेचदा बिघडलेली असते, दोन्ही एकत्र असू शकतं. निदानासाठी लक्षणं किमान सहा महिने, घर आणि शाळा अशा दोन्ही ठिकाणी दिसावी लागतात, ते एका भेटीत किंवा कॉरिडॉरमध्ये होत नाही. झोप मार्गी लावा, दोनतीन महिन्यांनी परत बघा, तेव्हाही प्रश्न असेल तर नीट मूल्यमापन करून घ्या, त्यात लाज काही नाही. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली सुरू केलेली मानसिक आरोग्याची आयपीएच संस्था आहे, पलीकडे परळचं मुलांचं वाडिया हॉस्पिटल, सायन हॉस्पिटल आहे. तुम्हाला स्वतःला बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मारल्याचं तुम्ही लिहिलंत म्हणून मुद्दाम सांगतोय. तुमचीही झोप होत नाहीये.

किंचाळून उठण्याला घाबरू नका. झोपेच्या पहिल्या काही तासांत होतं, मुलाला आठवत नाही, वाईट स्वप्नं पहाटेकडे पडतात आणि ती आठवतात, हा फरक. त्याला हलवून जागं करू नका, पडणार-आपटणार नाही एवढं बघा, तो परत झोपेल. झोप अपुरी असली की हे वाढतं. त्याच्या वयाला ९ ते १२ तास लागतात, तुमच्या हिशोबाने त्याला साडेसहा मिळतायत, तेही तुटक.

---

आजी, नेरुळ सेक्टर २०

अगं बाळा, डॉक्टरांनी सगळं सांगितलंय, मी एकच विचारते. तू लिहिलंस "पाय दाब" म्हणतो. रोज म्हणतो का गं? माझा नातू म्हणायचा. पायात काहीतरी वळवळतं आजी, मुंग्या चालतात. मी दोन वर्षं खोबरेल तेल लावून चोळत बसायचे रोज रात्री, वाढीचे पाय दुखतात म्हणून. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन बरं होतं पण लोहाचा साठा फार कमी, फेरिटिन म्हणतात त्याला, अठरा आला होता, आमच्या डॉक्टरांना पन्नासच्या वर हवा होता. लोह सुरू केल्यावर दोनतीन महिन्यांत वळवळ गेली. ती चाचणी वेगळी सांगावी लागते, नेहमीच्या रक्ततपासणीत, सीबीसीत, येत नाही.

आणि रात्री मागच्या बाजूला खाजवतो का तेही बघ. जंतांनी पोरं झोपत नाहीत. १० फेब्रुवारीला शाळेत जंतनाशक गोळी देतात ती घेतली होती का त्याने? बारीक पांढऱ्या कृमींची खाज असली तर घरातल्या सगळ्यांना औषध घ्यावं लागतं, चादरी-चड्ड्या गरम पाण्यात.

सासूबाईंवर रागावू नकोस. त्यांना मीठमोहरी ओवाळायची असेल तर ओवाळू दे, त्यांच्याकडे तेवढंच आहे करण्यासारखं, त्यात माया आहे. फक्त तो व्हिडिओ त्यांनाही दाखव.

---

वाघबीळची आई

सात आठवडे झाले, अपडेट देते. तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत आणि मी गायब, सॉरी.

बालरोगतज्ज्ञांनी व्हिडिओ बघून त्याच दिवशी ईएनटीची, म्हणजे कान-नाक-घसावाल्यांची, चिठ्ठी दिली. ॲडेनॉइड बरेच मोठे आहेत, टॉन्सिल मध्यम. स्प्रे चालू आहे, रोज रात्री, तीन महिन्यांनी परत बघून ऑपरेशनचं ठरवू म्हणाले. श्वास थांबणं कमी झालंय, गेलेलं नाही. आजी, तुमचं खरं निघालं, फेरिटिन १४ आला, मला तर ही चाचणी असते हेच माहीत नव्हतं. जंत नव्हते.

अकरापासून अलीकडे आणत आणत आता पावणेदहावर आलोय. तिकिटं निळी हवी होती त्याला, बाबानेच बसून कापली. बाबा आता सकाळी खाली बसपर्यंत सोडायला जातो आणि बसमधले काका म्हणाले हा आजकाल चढताना रडत नाही. सासूबाईंना व्हिडिओ दाखवला, त्यांनी पदराने डोळे पुसले, आता त्याच मला आठ वाजता सांगतात टीव्ही बंद करते गं.

शाळेत. वर्गशिक्षिकेने व्हिडिओ पूर्ण बघितला, मग काही न बोलता माझा हात धरला. नोंदवही ठेवतोय. त्यात असं दिसतंय की जास्त भांडणं मधल्या सुट्टीनंतरच्या लिहायच्या तासाला होतात, आणि ज्या रात्री साडेदहाच्या पुढे जातं त्याच्या दुसऱ्या दिवशी हमखास. बाटली वगैरे परत फेकलेली नाही. पण वही फाडणं या आठवड्यात पण झालं एकदा, लिहायचा कंटाळा की खरंच जमत नाही हे कळत नाहीये, म्हणून पुढच्या महिन्यात मूल्यमापनाची वेळ घेतलीये. यावेळी मी घाबरलेली नाहीये. शाळेच्या वेळेबद्दल आम्ही सात पालकांनी मिळून पत्र दिलंय, उत्तर अजून नाही.

त्याला सांगितलं मी, तुझी झोप दुरुस्त करतोय म्हणून. आता रोज सकाळी विचारतो, "किती झाली आज?" आठ सांगितलं की खूश होतो. साडेसात झाली असेल त्या दिवशी स्वतःच बाईंना जाऊन सांगतो, आज माझी कमी झालीये.

एक विचारायचं होतं, लोहाचं सिरप देतेय त्याने पुढचे दात काळपट दिसायला लागलेत, हे जातं ना? आणि तो ते घेताना फार तोंड वाकडं करतो, दुधातून दिलं तर चालेल का?

---

आजी, नेरुळ सेक्टर २०

दुधातून नको गं, लोह लागत नाही मग अंगी. लिंबाच्या सरबतातून किंवा मोसंबीच्या रसातून दे, आणि स्ट्रॉने दे म्हणजे दातांना लागत नाही, वर चूळ भरायला लाव. काळेपणा वरवरचा असतो, जातो तो. शी काळी होईल, घाबरू नकोस.

---

खारघर सेक्टर १२

आमच्याकडे सिरपनंतर लगेच ब्रश करून घ्यायचो, दात स्वच्छ राहायचे. स्प्रे मारताना नळी नाकाच्या मधल्या पडद्याकडे नको, बाहेर कानाच्या दिशेला धर, नाहीतर कधीकधी रक्त येतं. आणि मूल्यमापन झालं की लिही गं नक्की.